मोंजा स्ट्रीट : टोकियोतल्या या गल्लीत लोक तव्यावरची खरवड खायला रांगा का लावतात?

टोकियो मेट्रोने त्सुकिशिमा स्टेशनला उतरायचं आणि ७ नंबरच्या एक्झिटमधून वर यायचं. पुढे पत्ता विचारावा लागत नाही, शब्दशः नाकासमोर चालायचं. तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरणारा सॉस, कोबी आणि सुकवलेली बारीक कोळंबी यांचा वास रस्ता दाखवतो.

या रस्त्याचं कागदोपत्री नाव निशिनाका-दोरी. पण टोकियोत त्याला सगळे 'मोंजा स्ट्रीट' म्हणतात. जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचा, चार टप्प्यांत विभागलेला हा बाजाराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंच्या फुटपाथवर छत आहे आणि मुख्य रस्ता व त्याला फुटणाऱ्या बोळांत मिळून सत्तरच्या आसपास दुकानं आहेत, जी मुख्यतः एकच पदार्थ विकतात : मोंजायाकी.

सुशी, रामेन आता पुण्या-मुंबईतही मिळतं. ओकोनोमियाकीचं नावही अनेकांनी ऐकलेलं असतं. मोंजायाकी मात्र जपानमध्येसुद्धा प्रामुख्याने टोकियो आणि आसपासच्या भागातच खाल्लं जातं. ओसाकाची माणसं तर या पदार्थाच्या दिसण्यावरून टोकियोकरांची मनसोक्त थट्टा करतात.

मोंजायाकी म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर तव्यावर शिजवलेलं, खूप पातळ पिठाचं मिश्रण. आपल्याकडच्या धिरड्याचा विचार करा आणि त्यातलं पीठ एकदम कमी करा. साधारण तीनशे मिलिलीटर पाण्याला फक्त दोन-तीन मोठे चमचे मैदा, इतकं पातळ. त्यामुळे धिरड्यासारखी त्याची चकती होतच नाही. तव्यावर एक बुडबुडणारा, चिकट, तपकिरी थर तयार होतो.

या पाण्यात दाशी असते. दाशी म्हणजे कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा सुकवून काढलेला किस आणि कोंबू हे समुद्री शेवाळ यांचा सौम्य अर्क. जपानी स्वयंपाकाचा निम्मा पाया याच अर्कावर उभा आहे. त्यात वूस्टर सॉस घालतात, तोही जपानी पद्धतीचा, किंचित गोडसर. बाकीचा ऐवज वाटीत शिगोशीग भरून येतो : बारीक चिरलेला भरपूर कोबी, तेनकासु म्हणजे तेंपुरा तळताना कढईत राहिलेला कुरकुरीत चुरा, सुक्या माकुळाच्या काड्या आणि साकुरा-एबी. ही साकुरा-एबी म्हणजे फिकट गुलाबी रंगाची इवलीशी कोळंबी. कोकणातल्या माणसाला ती पाहून सुका जवळा आठवला, तर तो फार चुकलेला नसतो.

एवढं झालं की साधं मोंजा तयार. त्यावर आपल्या आवडीची भर घालायची. सध्या गल्लीत सगळ्यात जास्त दिसतं ते मेंताइको-मोची-चीज : माशाची तिखट अंडी, तांदळाच्या चिकट मोचीचे तुकडे आणि वर चीज. दुसरी लोकप्रिय भर म्हणजे 'बेबी स्टार रामेन', अर्थात १९५९ पासून जपानी मुलं खात आलेल्या कुरकुरीत नूडल्सचा पुडा. करी पावडर घातलेलं, कालवं घातलेलं, किमची घातलेलं मोंजाही मिळतं.

ओकोनोमियाकीशी त्याची गल्लत होते, कारण तवा तोच आणि कोबीही तोच. पण ओकोनोमियाकीचं पीठ घट्ट असतं, त्याचा जाड पोळा होतो आणि तो कापून खातात. मोंजा कापता येत नाही. ते खरवडून खावं लागतं.

आळं करायचं, मग रस ओतायचा

मोंजाच्या दुकानात टेबलाच्या मधोमधच लोखंडी तवा बसवलेला असतो आणि गिऱ्हाईक स्वतः स्वयंपाक करतं. पहिल्यांदा आलेल्यांना कर्मचारी करूनही देतात आणि ते पाहण्यात निम्मी गंमत आहे.

आधी तव्यावर तेल पसरतात. वाटीतलं पाणी वाटीतच राखून वरचा कोबी आणि बाकीचा ऐवज तेवढा तव्यावर काढतात. मग दोन्ही हातांत रुंद उलथनी घेऊन तो परततात आणि परतता परताच कचाकच बारीक करत जातात. जपानीत या उलथन्यांना हेरा म्हणतात. गर्दीच्या वेळी दहा टेबलांवर एकाच वेळी हे सुरू असतं, तेव्हा शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. कोबी मऊ पडला की तो गोलाकार रचून मध्ये खळगा करायचा. या गोल कडेला 'दोते' म्हणजे बांध असं नाव आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. भाताचं आळं करून त्यात वरण ओततात, तसंच हे. फक्त आळं कोबीचं आणि वरणाच्या जागी दाशीचं पाणी.

चूक होते ती इथेच. आळं नीट बांधलं नाही किंवा सगळं पाणी एकदम ओतलं, तर बांध फुटतो आणि ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत धावतो. म्हणून जाणकार दोन-तीन वेळा थोडं थोडं ओततात. मधलं पाणी उकळून दाटसर झालं की बांध मोडून सगळं एकत्र करायचं आणि तव्यावर पातळ पसरायचं. वरून आओनोरी या समुद्री शेवाळाची हिरवी भुकटी भुरभुरायची.

आता दिसायचं म्हणाल तर मोंजा सुंदर दिसत नाही. फोटोत तर आणखीच वाईट. इन्स्टाग्रामच्या जमान्यात हा पदार्थ टिकून आहे, हेच एक आश्चर्य आहे.

पण खरा खेळ यानंतर सुरू होतो. प्रत्येकाला बोटभर लांबीचं छोटं हेरा मिळतं. त्याने कडेचा घासभर भाग वेगळा करायचा, तव्यावर दाबून धरायचा आणि काही सेकंद थांबायचं. खालची बाजू खरपूस होऊन हेराला चिकटते आणि तोच घास थेट तोंडात जातो. चॉपस्टिक्स नाहीत, चमचा नाही, ताटलीही जवळपास नावालाच. वर मऊ, खाली कुरकुरीत अशी ती चव. जपानीत या करपलेल्या थराला ओकोगे म्हणतात. दुधाच्या किंवा भाताच्या पातेल्याच्या बुडाशी लागलेल्या खरवडीसाठी ज्या घरात भावंडांची भांडणं झाली असतील, तिथल्या माणसाला ओकोगेची ओढ लगेच कळेल.

शेवटी तव्यावर पापडासारखा पातळ थर उरतो. तो अख्खा सोडवून काढता आला तर टेबलावर छोटासा जल्लोष होतो.

एकाच तव्यावरून चौघं खातात, त्यामुळे मोंजा एकट्याने खायचा पदार्थ उरत नाही. पोट भरायला तो तसा कमीच पडतो. तासभर गप्पा मारत, बिअरचे घोट घेत, एकामागून एक वाट्या मागवत बसायचं, अशी ही रीत आहे.

अक्षरं गिरवायचा खाऊ

मोंजा हे नाव 'मोजी' या शब्दावरून आल्याचं मानलं जातं. मोजी म्हणजे अक्षर. पातळ पिठाने तव्यावर अक्षरं किंवा चित्रं काढायची, ती शिजली की खायची, असा 'मोजी-याकी' नावाचा खाऊ एदो काळात म्हणजे टोकियोचं नाव एदो असताना मिळत असे. समुद्राच्या प्रचंड लाटेच्या चित्रामुळे जगाला माहीत असलेले चित्रकार कात्सुशिका होकुसाई यांच्या 'होकुसाई मांगा' या रेखाटनसंग्रहात मोजी-याकीवाला दिसतो. या संग्रहाचा पहिला खंड १८१४ मध्ये आला होता.

पुढे हा खाऊ दागाशीयांमध्ये स्थिरावला. दागाशीया म्हणजे गल्लीतलं गोळ्या-बिस्किटांचं, भोवऱ्या-गोट्यांचं दुकान. बहुतेक वेळा एखादी वयस्क बाई ते चालवायची आणि मुलं तिला ओबाचान म्हणायची, म्हणजे मावशी. दुकानाच्या कोपऱ्यात एक लहान तवा असायचा. शाळा सुटली की मुलं दोन-चार नाणी देऊन मैद्याचं पाणी विकत घेत आणि तव्याभोवती कोंडाळं करून बसत. त्यात सॉस किंवा पाक, फार तर थोडा कोबी. मांस, चीज, माशाची अंडी यांचा पत्ताच नव्हता. भुकेच्या वेळी थोड्या पैशांत पोटाला आधार, इतकाच त्याचा उद्देश होता.

मोंजा मूळचं कुणाचं, यावर आजही वाद आहे. त्सुकिशिमा आणि आसाकुसा हे टोकियोतले दोन्ही जुने भाग त्यावर हक्क सांगतात. टोकियोच्या उत्तरेकडे गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी शहराचा तर वेगळाच प्रकार आहे. तिथे मोंजात स्ट्रॉबेरीचं सिरप घालून 'गोड' आणि करी पावडर घालून 'तिखट' मोंजा करतात. मुलांच्या खाऊची ती जुनी खूण असावी. इसेसाकीबाहेरच्या माणसाला स्ट्रॉबेरी आणि कोबी ही जोडी पचनी पडायला जरा वेळ लागतो.

गाळातून वर आलेलं बेट

हा पदार्थ याच भागात का रुजला, हे समजायला त्सुकिशिमाचा इतिहास पाहावा लागतो.

त्सुकिशिमा हे नैसर्गिक बेट नाही. सुमिदा नदीच्या मुखाशी जहाजांसाठी खोदलेल्या मार्गातला गाळ टाकून ही जमीन तयार करण्यात आली आणि १८९२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. आज नावाचा अर्थ 'चंद्राचं बेट' असा होतो, पण उच्चार तोच ठेवून वेगळ्या लिपीचिन्हांनी लिहिलं की त्याचा अर्थ 'बांधलेलं बेट' होतो.

शेजारचं त्सुकुदा त्याहून बरंच जुनं आहे. तोकुगावा इएयासु यांच्या काळात ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावातले कोळी एदोत आले आणि पुढे इथे वसले. छोटे मासे सोया सॉस आणि साखरेत आटवून टिकवायची त्यांची पद्धत 'त्सुकुदानी' या नावाने जपानभर गेली. त्याच बाजूला १८५३ मध्ये इशिकावाजिमाचा जहाजबांधणी कारखाना उभा राहिला.

त्सुकिशिमाची नवी जमीन मग कारखान्यांनी आणि कामगारांच्या नागायांनी भरून गेली. नागाया म्हणजे एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधलेली लाकडी घरं, आपल्या बैठ्या चाळींसारखी. हा भाग कामगारवस्तीचा इतका ठळक नमुना होता की जपानमधल्या सुरुवातीच्या मोठ्या सामाजिक पाहण्यांपैकी एक इथेच झाली. १९१८ पासून ताकानो इवासाबुरो यांच्या नेतृत्वाखाली गृह मंत्रालयाने कामगारांची घरं, उत्पन्न, आहार आणि मुलांची प्रकृती यांचा इथे अभ्यास केला. १९२१ मध्ये त्याचा अहवाल निघाला. 'त्सुकिशिमा पाहणी' या नावाने तो जपानी समाजशास्त्रात आजही वाचला जातो.

१९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत त्सुकिशिमा होरपळलं. मात्र मार्च १९४५ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात पूर्व टोकियो बेचिराख झालं, तेव्हा या बेटाचा बराचसा भाग वाचला. त्यामुळेच माणूसभर रुंदीचे बोळ, दारासमोर कुंड्यांची रांग आणि जुनी लाकडी घरं इथे पुढेही टिकली. दोन्ही पालक कामावर, घरं लहान आणि मुलं बोळात, अशा वस्तीत दागाशीया आणि त्यातला तवा न चालता तरच नवल.

मग गल्ली मोंजाची कधी झाली?

अनेकांना वाटतं, तितकी ही गल्ली जुनी नाही. इथलं सर्वांत जुनं मानलं जाणारं मोंजाचं दुकान 'कोंदो' १९५० मध्ये सुरू झालं. पण त्यानंतर कित्येक वर्षं अशी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. निशिनाका-दोरी हा भाजी, मासळी, मटण, कपडे विकणारा रोजचा बाजार होता.

१९७९ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना बंद झाला. कामगार गेले, म्हणजे बाजाराचं गिऱ्हाईक गेलं. मात्र १९८८ मध्ये युराकुचो मार्गावर त्सुकिशिमा स्टेशन सुरू झालं. गिन्झासारख्या महागड्या भागातून दोन स्टेशनांवर 'जुनं टोकियो' भेटू लागलं. माध्यमांनी मोंजा उचलून धरलं आणि बंद पडणाऱ्या दुकानांच्या जागी एकेक करत तवे आले. १९९७ मध्ये दुकानदारांनी सहकारी संघटना स्थापन केली आणि २००० मध्ये ओएदो मार्गाचं स्टेशनही इथे आलं. २००८ मध्ये 'हितोमी' ही एनएचकेची सकाळची मालिका त्सुकिशिमात घडली. '३-गात्सु नो लायन' ही बुद्धिबळासारख्या शोगी खेळावरची मांगा आणि अ‍ॅनिमे पाहिलेल्यांनाही इथले पूल आणि बोळ ओळखीचे वाटतील.

म्हणजे मोंजा जुनं आहे, पण मोंजाची गल्ली बाजार वाचवायला घडली. या बदलाची किंमतही होती. एका वाटीला आता साधारण हजार येनच्या पुढेच मोजावे लागतात. शाळा सुटल्यावर मुलांनी खिशातल्या नाण्यांत खायचा पदार्थ तो राहिलेला नाही. काही दुकानांच्या एकाच गल्लीत दोन-तीन शाखा आहेत आणि रोजची भाजी घ्यायला मात्र दुसरीकडे जावं लागतं.

टॉवर आणि तवा

गल्लीसमोरचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न मान वर केली की दिसतो.

त्सुकिशिमा टोकियोच्या चुओ वॉर्डात येतं. या वॉर्डाची लोकसंख्या १९९७ च्या सुमारास ७२ हजारांपर्यंत घसरली होती. आज ती १ लाख ७० हजारांच्या पुढे गेली आहे. नवी माणसं राहायला आली ती प्रामुख्याने टॉवरमध्ये. जहाजबांधणी कारखान्याच्या जागेवर 'रिव्हर सिटी २१' हे उंच इमारतींचं संकुल आलं. २०१५ मध्ये स्टेशनलगत ५३ मजली 'कॅपिटल गेट प्लेस' उभं राहिलं. त्यानंतर पुनर्विकास थेट निशिनाका-दोरीवर पोहोचला. २०२० मध्ये तिथे ३२ मजली 'एमआयडी टॉवर ग्रँड' पूर्ण झाला. पुढच्या टप्प्यांत आणखी उंच इमारतींसाठी नागायांच्या रांगा पाडल्या गेल्या.

यामागचा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नाही. दाटीची लाकडी घरं, आगीचा बंब शिरणार नाही असे बोळ आणि भूकंपाचा देश. १९२३ मध्ये काय झालं, हे या बेटाला माहीत आहे. जपानी कायद्यानुसार अशा पुनर्विकासाला जमिनीवर हक्क असलेल्यांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची संमती लागते आणि जुन्या जागेच्या मोबदल्यात नव्या इमारतीत जागा मिळते. मुंबईकराला ही भाषा नवी नाही.

पण बोळ परत मिळत नाही. एमआयडी टॉवरच्या तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने दुकानं ठेवण्यात आली आणि त्यांत मोंजाची दुकानंही आहेत. तवे नवे, धूर ओढणारी यंत्रणा उत्तम. तरीही काचेच्या दारामागचं मोंजा आणि कुंड्यांच्या बोळातलं मोंजा यांत फरक जाणवतो. शिवाय जागेचा मालक आणि भाड्याच्या जागेत दुकान चालवणारा यांची गणितं वेगळी असतात. नव्या इमारतीत परत येणं दुसऱ्याला परवडेलच असं नाही. ज्या जुनाट वातावरणासाठी लोक इथे येतात, तेच कमी होत गेलं तर गल्लीच्या नावात मोंजाशिवाय काय उरेल, याचं उत्तर सध्यातरी कोणत्याही आराखड्यात नाही.

जाणार असाल तर

गिन्झा-इत्चोमेहून युराकुचो मार्गाने त्सुकिशिमा दुसरं स्टेशन आहे. अनेक भारतीय आणि त्यात मराठी कुटुंबंही राहतात त्या निशि-कासाईहून तोझाई मार्गाने मोंझेन-नाकाचोला यायचं आणि ओएदो मार्गाने एकच स्टेशन पुढे जायचं. त्सुकिजीच्या बाजारात सकाळ घालवली असेल, तर १९४० च्या काचिदोकी पुलावरून चालतही येता येतं. जहाजांसाठी मधोमध उघडणारा हा पूल १९७० नंतर उघडलेला नाही.

दुकानं बहुतेक दुपारपासून उघडी असतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी नावाजलेल्या दुकानांबाहेर रांगा लागतात, तेव्हा बोळातल्या लहान दुकानांकडे वळलेलं बरं. अनेक ठिकाणी प्रत्येकाने निदान एक पेय घ्यावं अशी अपेक्षा असते. चौघांनी आधी दोनच वाट्या मागवाव्यात. तवा एक असतो आणि घाई करून उपयोग नसतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. 'फक्त भाज्यांचं मोंजा' मागितलं तरी पाण्यात माशाची दाशी असतेच आणि सुकी कोळंबी वाटीत आधीच पडलेली असते. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', म्हणजे 'मांस आणि मासे दोन्ही खात नाही', हे वाक्य पाठ करून जावं आणि दाशीबद्दल वेगळं विचारावं. काही दुकानं साधं पाणी वापरून देतात, पण सगळीच नाही. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी शेवटचा गोड पदार्थ आहे : आंको-माकी. मैद्याचं पातळ धिरडं त्याच तव्यावर घालून त्यात लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण गुंडाळतात. पुरणपोळीची लांबची बहीण म्हणता येईल, मात्र तवा मोंजाचाच असतो, हे लक्षात ठेवावं.

कोट, स्वेटर आणि बॅगा ठेवायला अनेक दुकानांत टोपली किंवा प्लास्टिकची पिशवी देतात. ती नक्की घ्यावी. परतीच्या मेट्रोत शेजारी बसणाऱ्याला तुम्ही कुठून आलात, हे तशीही विचारायची गरज पडत नाही.